बाहेरचा ठोका

चार चौकोन होते आणि चारही चौकोनांवर मी खूण केली. हा माझा मूर्खपणा. तो आधीच सांगून टाकलेला बरा, नाहीतर आमच्या घरातलं कुणीतरी मधेच येऊन तुम्हाला सांगेल आणि वर दोन गोष्टी पदरच्या घालील.

कंप्युटरच्या पडद्यावर ते बारीक चौकोन ओळीनं मांडलेले असायचे. चिपमध्ये प्रोग्रॅम भरून झाला की या चौकोनांतून तिला सांगायचं, बाई, तू तुझा ठोका कुठून घ्यायचास, आतून की बाहेरून. चिपला चालायला ठोका लागतो. एक ठोका पडला की ती एक पाऊल टाकते, नाही पडला तर आहे तिथे उभी राहते. मला वाटलं, खूण केली म्हणजे चालू. जगात सगळीकडे खूण म्हणजे होय. या एकाच ठिकाणी खूण म्हणजे शून्य. चारही शून्यं पडली की चिप आपलं आतलं घड्याळ बंद करते आणि बाहेरून कुणी ठोका देईल म्हणून थांबून राहते. आणि माझ्या त्या पाटीवर, म्हणजे चिप बसवायच्या सर्किटवर, बाहेरून ठोका द्यायला काही म्हणजे काही नव्हतं.

एक चिप करावी, थांबावी, चालते का बघावं, एवढी साधी गोष्ट. पण नाही. प्लॅस्टिकच्या लांब नळीत मुंग्यांसारख्या ओळीनं बसून आलेल्या सगळ्या चिपा मी एका दुपारी संपवल्या. काढ, बसव, भर, खुणा कर, काढ. तोंडानं अर्थातच बडबड चालू. तेव्हाची मी मला चांगली आठवते. पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव की मुळशी तालुक्यात वीज हिनंच आणली. त्या बाईशी माझं आजही फारसं पटत नाही.

आता पुन्हा आश्विन लागलाय. मागच्या खाचरांत इंद्रायणी भात निसवलंय आणि सकाळी दार उघडलं की तो वास आत येतो, शिजलेल्या भाताचा नव्हे, त्याच्या आधीचा, हिरवा आणि थोडा दुधाळ. आमच्या माले गावात या दिवसांत कुणी मोठ्यानं बोलत नाही असं मला उगाचच वाटत आलंय. पाऊस उतरतो, ओढ्याचा आवाज खाली जातो, डोंगरावरची सोनकी पिवळी होऊन थकते. लोंबीत दाणा भरत असतो आणि त्याला आवाज नसतो. शेतात करायला काही नसतं, फक्त थांबायचं असतं. आणि थांबणं ही गोष्ट मला जन्मात जमली नाही.

मुलगा म्हणाला, आई, गोठ्याशेजारची खोली रिकामी करून दे, दोन खाटा टाकू, शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात राहायला. म्हणून मी ती खोली उपसत होते. गंजलेले चिमटे, तुटकी कुकरची शिट्टी, कुठल्याशा रेडिओचं पोट. आणि त्याखाली माझी साबणाची डबी. गुलाबी, झाकणाला चीर गेलेली. एका टोकाला पंचवीस पिनांचं रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला चपटी, करड्या रंगाची वायर. आत चार रेझिस्टर, चार-पाच तारा आणि माझ्या हातची सोल्डरची ढेकळं, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढं.

हा माझा प्रोग्रॅमर, चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र. एका मासिकातल्या नकाशावरून घरी केलेला. पूर्वीच्या कंप्युटरला मागे प्रिंटर लावायचं भोक असायचं, त्यात हे रुंद तोंड खुपसायचं. कंप्युटरला वाटायचं आपण प्रिंटरशी बोलतोय, आणि प्रत्यक्षात तो बोलायचा चिपशी. चार तारांतून, एकेक अक्षर सुटं करून. विकतचा प्रोग्रॅमर चांगला असायचा, पण जो आपण चार तारांत करू शकतो तो विकत कशाला घ्या, असा माझा त्या वयातला बाणा. आमची सून हिंजवडीत नोकरीला आहे, मूळची लातूरची. तिनं डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, आई, हे लावायचं कुठं? तिच्या पातळ लॅपटॉपला सगळीकडून बघितलं. त्याला तसलं भोकच नाही. म्हणजे डबी धडधाकट आहे, पण तिचं ऐकणारं आता जगात कुणी उरलं नाही. मी ती पुसून पुन्हा जवळ ठेवली. खोलीतून निघाली, माझ्या ट्रंकेत गेली.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून या घरात आले. नवरा पिरंगुटला कारखान्यात पाळीवर जायचा. शेत बघायचे थोरले दीर आणि त्यांची बायको, आमच्या अक्का. मला गोठ्याशेजारची ही खोली मिळाली आणि मी तिथं पाण्याच्या टाकीची यंत्रं जुळवू लागले. टाकी भरली की मोटार बंद, रिकामी झाली की चालू, आणि लाल दिवा; हे सगळं आतली चिप बघायची. नांद्याला, महाळुंग्याला शेतं जाऊन इमारती उठत होत्या. त्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांना ती यंत्रं जायची. भिंतीपलीकडे म्हैस रवंथ करत असायची, अलीकडे मी. खोलीत एकाच वेळी शेणाचा आणि सोल्डरच्या राळेचा वास यायचा आणि मला दोन्ही आवडायचे.

अक्का माझ्याहून बऱ्याच मोठ्या. कमी बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या. थोरले दीर मात्र माझी थट्टा करायचे. जेवताना ताट पुढं ओढत नवऱ्याला म्हणायचे, "आपल्या रेडिओला सेल तरी लागत्यात. हिला त्येबी लागत न्हाईत." मी हसायचे आणि बोलतच राहायचे. अक्का वाढता वाढता नुसतं माझ्याकडे बघायच्या.

चिपांच्या त्या वर्षी आवणीच्या शेवटच्या दिवशी थोरले दीर गेले.

खालच्या खाचरात लावणी चालली होती. ते बांधावर टेकले, तळहातावर तंबाखू मळायला घेतली, ती तळहातावरच राहिली. मी तेव्हा खाचराच्या पलीकडच्या कडेला होते. बायकांना काहीतरी सांगत होते. काय ते आता आठवत नाही, पण सगळ्या हसत होत्या हे आठवतं. एवढंच आठवतं आणि तेवढं पुरे आहे. अक्का मधे होत्या, गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ.

त्यानंतर अक्कांचं बोलणं थांबलं. रडल्या नाहीत असं नाही, पण शब्द नाही. जेवायला बोलावलं की यायच्या, दोन घास खायच्या. म्हशीला पाणी दाखवायच्या, दूध काढायच्या, आणि ओट्याच्या खांबाला टेकून बसायच्या. श्रावण गेला, गौरी-गणपती घरात न आणताच गेले. अक्का तशाच.

मग मी काय केलं, तर त्यांचं बोलणं माझ्या अंगावर घेतलं. माणसं भेटायला यायची, अक्कांसमोर बसायची, विचारायची, कसं वाटतंय? अक्का मान वर करायच्या आणि तेवढ्यात मी म्हणायचे, बरं वाटतंय आता, कालपासून जरा जेवतात. जेवता का? भूक नाही त्यांना, सकाळी भाकरी खाल्लीय. झोप लागते का? लागते, पहाटे लागते. मी इतकी झटपट उत्तरं द्यायचे की लोकांनी हळूहळू अक्कांना विचारायचंच सोडलं आणि सगळे मलाच विचारू लागले, अक्का कशा हायेत. त्या तिथंच बसलेल्या असायच्या. कधीकधी त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं, जप करतात.

अक्कांचा धाकटा भाऊ बाळू नांद्याचा. त्यांची शेती इमारतीत गेली होती आणि त्याला वरच्या मजल्यावर मोठी जागा मिळाली होती. तो पितृपक्षात आला, नव्या गाडीतून. भला माणूस. बहिणीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्के, हितं कुनासाठी ऱ्हातीस? चल माझ्याकडं. खोली हाय, लिफ्ट हाय, काम कायबी न्हाई." अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मी, शहाणी, आतून चहा घेऊन आले आणि म्हणाले, न्या भाऊ, त्यांना बदल हवाच आहे, दिवाळी झाली की मीच आवरून ठेवते. बाळू डोळे पुसत उठला. ठरलं.

या घरात आल्यापासून अक्का एक रात्रही नांद्याला राहिल्या नव्हत्या. त्यांचं सगळं आयुष्य या खाचरांत होतं. कुठल्या वाफ्यात पाणी मुरतं, कुठल्या कोपऱ्यात लोंबी आधी पिकते, हे त्यांना चालता चालता कळायचं. ते सगळं सोडून त्या आता वरच्या मजल्यावर जाऊन बसणार होत्या. आणि जायचं की नाही हे सांगायची त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या जागी मी बोलून मोकळी झाले होते.

त्याच पंधरवड्यात मी ते चार चौकोन भरले.

सगळ्या चिपा गेल्या हे कळलं तेव्हा मी त्यांना नावं ठेवली, दुकानदाराला नावं ठेवली, वीज कमीजास्त होते म्हणून वीज मंडळाला ठेवली. साबणाच्या डबीतून कितीही हाका मारल्या तरी एकही ओ देईना. मी त्या सगळ्या एका बरणीत भरल्या आणि झाकण लावलं. मेल्या म्हटलं.

अक्कांना एकटं ठेवायचं नाही म्हणून दुपारी मी त्यांना माझ्या खोलीत आणून बसवायचे. लाकडी पाट द्यायचे, त्यावर त्या बसायच्या, आणि मी काम करता करता त्यांच्याशी बोलायचे. म्हणजे मीच बोलायचे. आश्विनातलं ऊन पत्र्यावर तापलेलं, डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणणारी. एक जुळवलेली पाटी खाली त्यांच्याजवळ पडली होती, बरणीतलीच एक मेलेली चिप तिच्यात बसवलेली, तारा जोडलेल्या, दिवा विझलेला. मी चुकीच्या खुणा शोधत, बडबडत, कंप्युटरकडे तोंड करून. मागं बघितलं तर अक्कांनी एक बोट पाटीवर टेकवलं होतं. लहान पोर मुंगीला बोट लावतं तसं. आणि दिवा लागला होता. लाल, स्थिर.

मी पाटी उचलली, वीज तोडली, पुन्हा जोडली. अंधार. माझं बोट चिपच्या सगळ्या पायांवर फिरवलं. काही नाही. मग पाटी अक्कांपुढं धरली. त्यांनी पुन्हा त्याच जागी बोट टेकवलं, चिपच्या एका विशिष्ट पायावर, आणि क्षणभरानं दिवा आला.

कारण कळायला मला दोन दिवस लागले. घरातल्या विजेची एक गुणगुण असते, ती ट्यूबलाइटमधून, तारांमधून हवेत पसरलेली असते. माणसाचं अंग ती गोळा करतं. मी ओल्या सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभी, माझ्यातली गुणगुण जमिनीत जात होती. अक्का लाकडी पाटावर, त्यांच्यातली त्यांच्यातच राहिली. आणि त्यांचं बोट नेमकं त्या पायावर पडलं, जिथून चिप बाहेरचा ठोका घेते. म्हणजे चिपा मेलेल्या नव्हत्या. बरणीत झाकण लावून ठेवलेल्या त्या सगळ्या, एकूण एक, जिवंत होत्या. थांबलेल्या होत्या.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसून जरा विचार केला असता. मी काय निष्कर्ष काढला सांगू? मला वाटलं, अक्कांचंही असंच झालंय. आतलं घड्याळ बंद पडलंय, बाहेरून ठोका द्यायला हवा. म्हणजे आपण आणखी बोलायला हवं. म्हणून मी सकाळी चूल पेटवल्यापासून त्यांच्याशी बोलायला लागले. हवा, म्हैस, भाव, शेजारणीचा जावई, अमेरिका. दुपारी त्यांना चिपची सगळी विद्या समजावून सांगितली, पोरांच्या दगडी पाटीवर खडूनं आकृती काढून. अक्का खांबाला टेकून डोळे मिटायच्या. मी आवाज वाढवायचे.

आज खोली उपसताना हे आठवलं आणि मी त्या पाटावरच बसले. पाट अजून आहे. त्या वेळच्या मला कुणीतरी खांद्याला धरून बाहेर उन्हात नेऊन उभं करायला हवं होतं, लोंबीत दाणा कसा भरतो ते बघ म्हणून.

चिपा दुरुस्त करायच्या तर बाहेरून खरा ठोका द्यायला हवा होता. बोटाची गुणगुण फार संथ, साबणाच्या डबीला तेवढा धीर नव्हता. मग मी दिवाळीच्या उघडझाप माळेत असतो तसला आठ पायांचा टायमर घेतला आणि त्याच्याकडून ठोके काढले. पण ते द्यायला नीट सोय नव्हती. उजव्या हातानं ठोक्याची तार चिपच्या पायावर दाबून धरायची, डाव्या हातानं कंप्युटरची कळ दाबायची, आणि तिसरी तार, सगळ्यांची सामायिक, ती सारखी निसटायची. तिला तिसरा हात हवा. सोल्डर करणारी माणसं अशा वेळी तार दातात धरतात. मीही दातात धरली.

म्हणजे त्या दुपारी, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझं तोंड कामात गुंतलं.

पहिली चिप बसवली. खोलीत नुसती ट्यूबलाइट गुणगुणत होती. म्हैस पलीकडे हलली, साखळी वाजली. मग पुन्हा शांत. मी कळ दाबली, चार चौकोनांवरच्या खुणा सुधारल्या, आणि चिप परत आली. आनंदानं मी ओरडणार होते, पण दातात तार. दुसरी बसवली.

आणि मागून अक्का म्हणाल्या, "त्यांनी पानी मागितलं व्हतं."

मी वळले नाही. वळले असते तर तार सुटली असती.

"मी म्हनलं, ही मूठ लावून होऊंदे. मग देते."

एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्या डोळ्यांसमोरचा पडदा धूसर झाला. मला म्हणायचं होतं, अक्का, तुमचा काय दोष, पाण्यानं काय झालं असतं, मनाला लावून घेऊ नका. ही सगळी वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती, ओळीनं, नळीतल्या चिपांसारखी. पण तार दातात होती. घशातून नुसतं "हं" आलं.

त्या "हं"वर अक्का बोलत राहिल्या. हळू, एकेक शब्द वेगळा करून. मूठ लावून झाली, हात धुतले, कळशीतून तांब्या भरला आणि बांधाकडे चालू लागल्या, तोवर ते तसेच बसलेले होते आणि पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो तांब्या त्यांनी परत कळशीत ओतला होता. हे त्यांना कुणालातरी सांगायचं होतं. आवणीपासून आश्विनापर्यंत. मग त्या दिरांबद्दल बोलल्या, त्यांना ताकात मीठ जास्त लागायचं त्याबद्दल. मग शेताकडे वळल्या. खालचं खाचर आधी कापायचं, ते खाली आहे, भात लोळलं तर पाण्यात जाईल. बियाण्याच्या लोंब्या वरच्या वाफ्यातून निवडायच्या, त्या कुणाला कळणार नाहीत, त्या त्याच निवडतील.

मी चिपा बसवत होते, काढत होते. प्रत्येक चिपला ठोका देत होते आणि त्यातल्या बऱ्याचशा परत आल्या. बरणी संपली. तार दातात धरायचं काही कारण उरलं नाही. मी ती तशीच धरून बसून राहिले. जिभेवर तांब्याची चव आली होती.

ऊन पत्र्यावरून उतरलं तेव्हा अक्का उठल्या, पाट भिंतीला लावून ठेवला आणि दारातून म्हणाल्या, "बाळूला सांग, मी येनार न्हाई." बाळूला ते मी सांगितलं नाही. दिवाळीत तो गाडी घेऊन आला तेव्हा मी आत जाऊन बसले, आणि अक्कांनी स्वतः ओट्यावर त्याच्याशी काय ते बोलून घेतलं. तो जेवून एकटाच परत गेला.

त्या वर्षीची कापणी अक्कांनी उभं राहून करून घेतली. झोडणीच्या वेळी खळ्यावर भात वाऱ्यावर धरलं होतं, फोलपटं उडून शेजारच्या बांधावर जात होती, आणि दिरांच्या नावाचं पहिलं सूप बाजूला काढून ठेवलेलं होतं. कुणी त्याच्याकडे थेट बघत नव्हतं, पण सगळे त्याला वळसा घालून चालत होते.

अक्का आता थकल्यात. ओट्याच्या खांबाला टेकून असतात. कानानं ऐकू येत नाही, आणि मी तरीही त्यांच्याशी दिवसभर बोलते. दोघींना हे बरं पडतं. आज साबणाची डबी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी रुंद तोंडावरून बोट फिरवलं, एकेक पिन चाचपली, आणि डबी मला परत दिली.

पण मी त्या खळ्यावरची गोष्ट सांगत होते. वारा पडला म्हणून सगळे थांबले होते. मी अक्कांशेजारी पेंढ्यावर बसले आणि मला राहवेना. मी त्यांना सांगितलं, की बघा अक्का, मला कसं सुचलं. चिप मेली नव्हती, तिला बाहेरून ठोका हवा होता. तुमचंही तसंच झालं होतं, आतून सगळं थांबलं होतं, आणि मी रोज बोलून बोलून तुम्हाला ठोका दिला म्हणून तुम्ही परत आलात. अक्कांनी सूप खाली ठेवलं. पदरानं तोंडावरचा भुसा पुसला. माझ्याकडे बघितलं, दीर थट्टा करायचे तेव्हा बघायच्या तसंच, आणि म्हणाल्या,

"मला काय झालं न्हवतं, सुमे. तुझं बोलून व्हायची वाट बघत व्हते."